माझी, उझी आणि एक माशी

किन्हवलीजवळ ऐनाच्या पानावरच्या सुरवंटाच्या पाठीवर पांढरे कण दिसले. फोटो मोठा केला तर ती चिकटवलेली अंडी निघाली. शेजारी बसलेली करडी माशीही त्यात आली होती: पाठीवर काळे पट्टे, पोटावर राठ केस आणि पंखांमधल्या ढालीखाली फुगीर उंचवटा. वरून काढलेल्या फोटोत हा उंचवटा दिसतच नाही, बाजूने काढावा लागतो. तो दिसला की घरमाशी बाद. कुळ टॅकिनिडी. जात मात्र एवढ्यावरून ठरत नाही.

याच कुळातली रेशीमवाल्यांची वैरीण म्हणजे उझी माशी. पश्चिम बंगालमधून ती १९८० मध्ये कर्नाटकात शिरली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी अडलो ते नावाशी. उझी म्हणजे काय?

‘उझी’ नावाच्या इस्रायली बंदुकीशी संबंध जोडणं सोपं आहे, पण ती बंदूक विसाव्या शतकातली, माशीचं नाव त्याआधीचं. क्योटोजवळ चहाचं उजी गाव आहे, पण पुढे येणाऱ्या जपानी शब्दाहून त्याची अक्षरं वेगळी. नाव बंगाली असावं, हे मत जास्त वजनदार वाटतं. तेही टिकत नाही. कारण १८७० मध्येच इटलीत, पार्म्याच्या कामिल्लो रोन्दानींनी जपानी रेशीमकिड्यावरच्या माशीला ‘उजीमिया’ हे नाव दिलं होतं. युरोपातले रेशीमकिडे पेब्रिन रोगाने मरत होते, म्हणून इटालियन व्यापारी अंडी आणायला थेट जपानला जात. त्यांच्या सामानातून शब्दही आला. जपानीत ‘उजी’ म्हणजे माशीची अळी, आपण जखमेत पडलेली पाहतो तसली. मला याबद्दल शंका उरलेली नाही.

मग ‘ज’चा ‘झ’ कसा झाला? जपानी वर्णमालेत झा, झु, झे, झो या ओळीत ‘ई’ आली की उच्चार ‘जी’ होतो. १८८५ च्या जपानी रोमन लेखनपद्धतीत मात्र ओळ सारखी राहावी म्हणून तिथेही झेडच लिहितात. तोच झेड इंग्रजी पुस्तकांतून आपल्याकडे आला असणार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमशेदजी टाटांनी बेंगळुरूला जपानी जाणकार आणून रेशीम फार्म काढलं होतं. वाट तिकडूनच आली, असं मी धरून चालतो.

आणि इथे मराठीने कमाल केली. ‘माझा’ म्हणताना जीभ दातांपाशी असते, ‘माझी’ म्हणताना ती टाळूकडे सरकते. ‘ई’ आली की सरकायचं, जपान्यांचाही हाच नियम! त्यामुळे आपला शेतकरी ‘उझी’ म्हणतो तेव्हा ‘माझी’तलाच ‘झी’ उच्चारतो. इंग्रजी झेडने जे बिघडवलं, ते मराठी जिभेने न शिकता बरंचसं दुरुस्त केलं.

माशी मात्र बदलली. सासाकी चुजिरो यांनी १८८६ मध्ये दाखवलं, की जपानी उजी तुतीच्या पानावर अंडी घालते आणि किडा ती पानाबरोबर गिळतो. आपली उझी, म्हणजे एक्झोरिस्टा बॉम्बिसिस, किड्याच्या अंगावरच अंडं चिकटवते. अळी आत घुसली की तिथे काळा डाग उरतो. नाव तेच, चाल निराळी.

किन्हवलीच्या त्या सुरवंटावर मी नंतर हाच डाग शोधला. तिसऱ्या फोटोत, शेपटीकडच्या वळीपाशी, तो होता.