दुधावरची साय कोणाची?

नातवंड म्हणजे दुधावरची साय, असे आपण कौतुकाने म्हणतो. पण ‘सून नातवाला भेटू देत नाही’ ही तक्रारही दिवाळीच्या सुमारास कानी येतेच. मी कर्वेनगरात राहतो, म्हणून या तक्रारीचा इतिहास मला येथूनच शोधावासा वाटला.

आजचे कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला, १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्यास नेला. विधवाविवाह तर १८५६ सालीच कायदेशीर झाला होता. मग बायका धजत का नव्हत्या? लोकनिंदेचे भय होतेच. पण मला वाटते, लेकुरवाळीचे भय खुद्द त्या कायद्यात होते. नवऱ्याने मृत्युपत्रात पालक नेमला नसेल, तर तिने पुन्हा लग्न करताच मुलाचे आजोबा, आजी, पणजोबा, पणजी किंवा त्या घराण्यातील कोणीही पुरुष कोर्टात अर्ज करू शके. कोर्टाला योग्य वाटल्यास आईच्या जागी दुसरा पालक येई. मुलाजवळ पुरेशी मिळकत नसेल, तर मात्र आईची संमती लागे, नाहीतर पालकाला त्याच्या पोषणाची व शिक्षणाची हमी द्यावी लागे. मिळकत असली, की आईला विचारण्याचे कारण नव्हते! आईने पुढे मुलाला भेटावे की नाही, याविषयी कलम मूग गिळून आहे. आईच्या आईवडिलांचे तर त्यात नावही नाही.

तो कायदा १९८३ साली रद्द झाला. त्याआधीच, १९५६ च्या कायद्याने, मुलाचे हित सर्वांत वर ठेवले होते. आजीआजोबांना भेटीचा स्वतंत्र हक्क मात्र त्यात दिलेला नाही.

अमेरिकेत ट्रॉक्सेल नावाच्या आजीआजोबांनी मृत मुलाच्या दोन मुलींना भेटण्यासाठी दावा लावला. आई महिन्यातून एक छोटी भेट देण्यास तयार होती; त्यांना अधिक हवे होते. २००० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने आईच्या निर्णयाला मान दिला.

आजीआजोबांचे दुःख खरे आहे, आणि विनाकारण दार लावणाऱ्या आईबापांची बाजू मी घेणार नाही. पण एके काळी याच हक्काच्या धाकाने आया मुलांना मुकण्याच्या भीतीत जगल्या. म्हणून भेट मागताना ‘माझा नातू’ म्हणण्याआधी, त्या पोराला काय हवे, एवढे विचारावे.