जी. ए. कुलकर्णी : मरणोत्तर पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत?

धारवाडला इंग्रजीचे अध्यापन केलेले कथाकार जी. ए. कुलकर्णी यांचे ११ डिसेंबर १९८७ रोजी निधन झाले. त्यानंतरही त्यांची पुस्तके येत राहिल्याने नव्या वाचकापुढे प्रश्न उभा राहतो : आरंभ कोठून करावा?

मरणोत्तर संग्रहांवर लेखकाचा अखेरचा हात फिरलेला नसतो. म्हणून त्यांच्या हयातीतील पुस्तके आधी वाचणे इष्ट. अद्भुताची ओढ असणाऱ्यांनी 'रमलखुणा' (१९७५) मधील 'प्रवासी' व 'इस्किलार' या दीर्घकथांपासून सुरुवात करावी. पालघर, बोईसरहून रोज लोकलने ये-जा करणाऱ्यांना 'सांजशकुन'मधील छोट्या रूपककथा सोयीच्या. पुढे 'काजळमाया' (१९७२) आणि 'पिंगळावेळ' (१९७७).

मग 'माणसे : अरभाट आणि चिल्लर' (१९८८) हे आत्मकथनाच्या वळणाचे पुस्तक घ्यावे. 'कुसुमगुंजा' (१९८९) व 'सोनपावले' (१९९१) यांतील असंग्रहित कथा त्यानंतर. त्या आधी वाचल्यास लेखकाचे माप चुकते.

निवडक पत्रांचे खंड अखेरीस. पहिल्या खंडात सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रे आहेत. प्रसिद्धीपासून कटाक्षाने दूर राहिलेल्या या लेखकाचे खासगी बोलणे, त्याच्या कथांशी ओळख झाल्यावरच ऐकणे उचित ठरेल.