‘ॲनोटेट’चं घराणं

इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संगणक केंद्रात १९९३ साली मोझॅक ब्राउझर तयार झाला. त्याच्या युनिक्स आवृत्तीत वरच्या पट्टीवर मोजकेच मेनू होते आणि त्यांत ‘फाइल’, ‘हेल्प’ यांच्या बरोबरीने ‘ॲनोटेट’ होता. तो उघडायचा, समोरच्या पानावर आपला शेरा लिहायचा. पुढच्या वेळी तेच पान उघडलं की मजकुराच्या तळाशी त्या शेऱ्याचा दुवा हजर. काही यंत्रांवर तर शेरा बोलूनही ठेवता येई. पान दुसऱ्याचं, शेरा आपला; आणि गटासाठीची सोय वापरली तर तोच शेरा गटातल्या इतरांनाही दिसे.

माझं म्हणणं असं की सोशल मीडिया पोटात घेणाऱ्या ब्राउझरांचा मूळ पुरुष हा ‘ॲनोटेट’च. एरवी ही कथा २००५ च्या फ्लॉकपासून सांगतात. पण २०१० चा रॉकमेल्ट पाहा. त्याच्या डाव्या कडेला फेसबुकवरच्या मित्रांचे चेहरे, उजव्या कडेला आवडत्या साइटींची चिन्हं, आणि समोरचं पान मित्राला पाठवायला वरच बटण. सुरुवातीला तर फेसबुकचं खातं नसेल तर तो वापरताच येत नसे. या रॉकमेल्टमागे पैसा उभा केला मार्क अँड्रीसन यांनी. एरिक बिना यांच्यासोबत मोझॅक लिहिणारे तेच हे अँड्रीसन! नेटस्केपचे संस्थापक म्हणून त्यांचं नाव सगळे घेतात, ‘ॲनोटेट’ मात्र कुणाच्या लक्षात नसतो.

हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांच्या कंपनीने रॅप जीनियसमध्ये दीड कोटी डॉलर घातले. गाण्यांच्या ओळींवर लोकांनी टिपा लिहायच्या, अशी ही साइट. पैसे का घातले याचं कारण सांगताना अँड्रीसन थेट मोझॅकवर आले. कुठल्याही पानावर शेरे लिहिण्याची सोय ब्राउझरात पहिल्यापासून असायला हवी होती, पण सगळ्यांचे शेरे साठवणारा, वाढता भार पेलणारा सर्व्हर उभा करणं तेव्हा जमलं नाही, म्हणून ती काढावी लागली, असं त्यांनी लिहिलं. एकोणीस वर्षं माणूस ती गोष्ट विसरला नव्हता. मग काहीच वर्षं आधी रॉकमेल्टला पैसे देताना ती त्याच्या मनात नसेल, हे मला पटत नाही.

आता प्रतिस्पर्धी दावे. टिम बर्नर्स-ली यांच्या १९९० च्या पहिल्या ब्राउझरात पान वाचताही येई आणि लिहिताही. मान्य, पण आपलं पान लिहिणं वेगळं आणि दुसऱ्याच्या पानाखाली बोलणं वेगळं. १९९७ च्या नेटस्केप कम्युनिकेटरमध्ये मेल आणि न्यूजग्रुप होते. पण आपण कुठलं पान वाचतोय याच्याशी त्या मेलला काही देणंघेणं नव्हतं. एकाच चाळीतले शेजारी, इतकंच. खरा तगडा दावा इस्राएलच्या यूबिक या कंपनीचा. वाइझमन संस्थेचे एहूद शापिरो यांच्या या कंपनीच्या ‘व्हर्च्युअल प्लेसेस’मध्ये एकाच पानावर आलेली माणसं एकमेकांना दिसत, गप्पा मारत, बरोबरीने पुढच्या पानावर जात. १९९५ मध्ये एओएलने ती विकत घेतली. कल्पना देखणीच, पण ती मोझॅकनंतरची. शिवाय तिथे दोघांनी एकाच वेळी हजर असावं लागे. शेरा मात्र मागून येणाऱ्याची वाट पाहत थांबतो, आणि आजचा सगळा सोशल मीडिया त्याच धर्तीवर चालतो.

आणि ही कल्पना इलिनॉयमध्येच का रुजली? याच विद्यापीठात १९७३ साली प्लेटो या शैक्षणिक संगणकावर डेव्हिड वूली यांनी ‘नोट्स’ लिहिलं. कुणी टीप लिहावी, इतरांनी तिच्याखाली उत्तरं लिहावीत. त्याच वर्षी तिथे ‘टॉकोमॅटिक’ हा गप्पांचा कार्यक्रमही सुरू झाला. प्लेटोवर काम केलेल्या रे ओझी यांनी पुढे लोटस नोट्स घडवलं, ती शाखा सर्वमान्य आहे. मोझॅकही त्याच आवारातला. तिथली हवाच टिपा लिहिण्याची होती, असा माझा तर्क आहे, आणि मी तो सोडणार नाही.

पुढचं भराभर सांगतो. फायरफॉक्सवर बेतलेला फ्लॉक पुढे क्रोमियमवर आला. २०११ मध्ये गेम बनवणाऱ्या झिंगाने त्याची कंपनी घेतली आणि त्याच एप्रिलमध्ये तो बंद पडला. आपल्याकडे बंगळूरच्या एपिक ब्राउझरने २०१० मध्ये कडेच्या पट्टीत सोशल साइटी आणि भारतीय भाषांत टाइप करण्याची सोय दिली. रॉकमेल्ट २०१३ मध्ये याहूने घेतला आणि मिटवला. फ्लॉक आणि रॉकमेल्ट यांना मारलं ते फेसबुकच्या ‘लाइक’ बटणाने. एप्रिल २०१० पासून ते बटण बाहेरच्या साइटींवर बसलं. शेअर करायची सोय पानातच आल्यावर त्यासाठी वेगळा ब्राउझर कोण उतरवून घेणार?

२०१७ मध्ये ऑपेराने मेसेंजर, व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम कडेच्या पट्टीत बसवले, तेव्हा सोशल ब्राउझर परत आला असं अनेकांना वाटलं. मला ते कम्युनिकेटरचं बिऱ्हाड वाटतं. समोरच्या पानाशी त्याचा संबंध नाही. ‘ॲनोटेट’चा वारसा गेला हायपोथिसिस या शेरे लिहिण्याच्या साधनाकडे. कुठल्याही पानावरचं वाक्य निवडून शेरा लिहायचा, तो इतरांनी वाचायचा, उत्तर द्यायचं. अशा शेऱ्यांसाठी डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानक संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये रीतसर मानकही ठरवलं. पण क्रोमवर हायपोथिसिस आजही विस्तार म्हणून आपल्यालाच जोडून घ्यावा लागतो.