जुन्या पिकअपचा एसी : वारा अडतो कुठे?

पुण्याच्या वाहन उद्योगात पिकअपला जुने स्थान आहे. 'टेल्को'ने १९८८ मध्ये टाटामोबाईल बाजारात आणली आणि तिच्याच बांधणीवरून १९९१ मध्ये सिएरा आकाराला आली. पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या पिकअप शहरात आजही दिसतात. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला, की एसी गार करत नाही, ही त्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार. त्यावर पुष्कळदा पहिला उपाय म्हणून गॅस भरला जातो आणि पैसे वाया जातात. व्हेंटमधून वारा कमी येतो, की वारा पुरेसा असून तो गार नसतो, हा भेद आधी करायला हवा.

वारा सुरुवातीपासूनच मंद असेल, तर दोष बहुधा कचऱ्याचा असतो. पुढच्या काचेखालील जाळीतून बाहेरची हवा आत येते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तेथे पानांचा थर साचतो. मार्केट यार्डातून धान्य वाहणाऱ्या गाडीत भुसा आणि प्रसंगी उंदराचे घरटेही सापडते. जुन्या पिकअपमध्ये केबिन फिल्टर सहसा नसतो, त्यामुळे ही धूळ थेट कूलिंग कॉईलवर बसते. ब्लोअर केवळ सर्वांत वरच्या वेगावर चालत असेल, तर रेझिस्टन्स जळाला असे समजावे. हा भाग तुलनेने स्वस्त असतो.

वारा आधी चांगला येऊन अर्ध्या तासाने कमी होत असेल, तर कॉईलवर बर्फ धरत असण्याची शक्यता मोठी. एसीचे बटण बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटे चालू ठेवावा. वारा पूर्ववत झाला, तर निदान पक्के. मात्र कारण थर्मोस्टॅट, मळलेली कॉईल वा कमी झालेला गॅस यांपैकी कोणते, हे मेकॅनिकनेच तपासावे. गॅस खरोखरच कमी असेल, तर गळती शोधल्याशिवाय तो पुन्हा भरून घेऊ नये.

वारा चेहऱ्याऐवजी पायांकडे वा काचेकडे जाणे हा झडपांचा दोष. जुन्या गाड्यांत या झडपा बहुधा तारेने हलतात. डॅशबोर्डवरील खटका अगदी सैल फिरत असेल, तर तार निसटली असावी. ती क्लिपमध्ये पुन्हा बसवता येते. व्हेंटमधून काळा चुरा उडणे म्हणजे झडपेवरचा फोम कुजला. परदेशी बनावटीच्या काही जुन्या पिकअपमध्ये झडपा निर्वात दाबावर चालतात आणि चढावर वारा आपोआप काचेकडे वळतो. निर्वात पंप अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकसाठीही लागतो. झडपांबरोबर ब्रेकचे पेडलही कडक लागत असेल, तर गाडी पुढे न नेणेच इष्ट.

वारा जोरदार पण कोमट असल्यास, गॅसकडे वळण्याआधी हिटरचा नळ पुरता बंद होतो का, ते पाहावे.

ही दुरुस्ती केवळ गारव्यासाठी नाही. पावसाळ्यात खंबाटकी घाटात काच आतून धुरकटली, तर ती स्वच्छ करणारा वारा याच झडपांतून येतो. डॅशबोर्डखाली मागाहून बसवलेल्या एसीला काचेकडे जाणारी वाट बहुधा नसते. अशा गाडीत मूळ ब्लोअर काढून टाकलेला तर नाही ना, याची खात्री मृगापूर्वीच करून घ्यावी.