हाफकिन यांच्यावरचे दोन आळ

२०२० सालच्या एप्रिल महिन्यात आमच्या गल्लीत माझ्याविषयी एक वावडी उठली. मी दिल्लीच्या एका धार्मिक मेळाव्याला जाऊन आलो, रोग घेऊन आलो आणि आता घरात लपून बसलो आहे, अशी. त्या वर्षी मी दिल्लीला गेलोच नव्हतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सोलापूरच्या एका कविसंमेलनाला एसटीने जाऊन आलो होतो, एवढाच माझा प्रवास. पण या तोंडातून त्या तोंडात जाता जाता सोलापूरची दिल्ली झाली. दूधवाला दारासमोर न थांबता सायकल पुढे नेऊ लागला. एसटीचे तिकीट मी जपून ठेवले होते, दाखवायलाही तयार होतो. पण ते पाहायला कोणी मागेना.

टाळेबंदीतल्या त्या रिकामपणात मी मुंबईच्या प्लेगचा इतिहास वाचायला घेतला. त्यात वाल्डेमार हाफकिन भेटले. परळच्या संस्थेमुळे हे नाव आपल्या ओळखीचे असते, पण या माणसाने काय सोसले ते आपल्याला सहसा ठाऊक नसते. त्यांच्या वाट्याला दोन आळ आले. एक गल्लीतून उठला, दुसरा कचेरीतून. दोन्ही खोटे होते. पण दोघांचे आयुष्य मात्र सारखे नव्हते.

हाफकिन १८६० साली ओडेसात जन्मले. धर्माने ज्यू. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली, १८९२ साली ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला आणि ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये थोडीशी जागा आणि हाताखाली तीन-चार माणसे, एवढ्यावर त्यांनी प्लेगच्या लसीचे काम सुरू केले.

तेव्हा मुंबईत काय काय बोलले जात होते! त्याच ऑक्टोबरात कोणीतरी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले होते. त्याचा सूड म्हणून राणीने माणसांची काळजे मागितली आहेत आणि ती इस्पितळात काढतात, अशी कंडी पिकली. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. आजचे कस्तुरबा रुग्णालय ते हेच. मुंबईतले करोनाचे पहिले रुग्णही इथेच ठेवले गेले होते.

पुढे लस आली, तशा लसीच्याही अफवा आल्या. सुई हातभर लांब असते, टोचताच माणूस मरतो, पुरुषाचे पुरुषत्व जाते, बाई वांझ होते. या अफवांना आज हसणे सोपे आहे. पण सरकारची माणसे घरात घुसत होती, आजाऱ्याला उचलून नेत होती, बायाबापड्यांची तपासणी करत होती. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून मोठी दंगल पेटली. लोक वेडे नव्हते. ज्याच्या हातात सुई होती, त्याच्यावर विश्वास ठेवावा असे त्यांच्या बाबतीत काही घडलेच नव्हते.

हाफकिन यांनी याला उत्तर कसे दिले? १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि मात्राही मोठी घेतली. ताप चढला, अंग दुखले, पण ते उभे राहिले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जवळपास निम्म्या कैद्यांनी लस घेतली. न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. घेतलेल्यांत २ जण आजारी पडले, दोघेही वाचले.

पण आकडे गल्लीत पोहोचत नाहीत, माणसे पोहोचतात. इथे पुढे आला एक एकोणीस वर्षांचा तरुण, खोजा समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान. त्यांनी आपल्या लोकांसमोर स्वतःला लस टोचून घेतली आणि ही बातमी सगळीकडे पसरेल याची काळजी घेतली. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी आपले घरही दिले. हजारो खोजा लस घ्यायला पुढे आले. गल्लीची अफवा सगळीकडून गेली नाही, पण आगाखान जिथे उभे राहिले तिथे ती पाहता पाहता ओसरली. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

दुसरा आळ आला तो ३० ऑक्टोबर १९०२ नंतर. पंजाबातल्या मलकोवाल गावी त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली गेली. आठवड्याभरात त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही माणसे मरण पावली. सगळ्यांना ‘५३-एन’ या एकाच बाटलीतली लस दिली होती. चौकशी समिती बसली. बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना पदावरून बाजूला केले गेले आणि १९०४ साली ते युरोपला गेले.

खरे तर त्याच कागदपत्रांत वेगळी गोष्ट लिहिलेली होती. मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बाटलीचे बूच काढले गेले. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. बाटली आधीच नासलेली असती, तर उघडताक्षणी तिला दुर्गंधी यायला हवी होती; तशी ती आली नव्हती. आजारही बराच लवकर दिसायला हवा होता.

हाफकिन यांनी लेखी उत्तरे दिली, मुद्दे मांडले, पुरावे दाखवले. पण आरोपीचे म्हणणे म्हणजे आरोपीचेच म्हणणे. त्यातून माणूस परका, रशियातून आलेला, ज्यू. फ्रान्समधल्या ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्यावरच्या खोट्या खटल्याची तेव्हा अनेकांना आठवण झाली, ती उगीच नाही. अखेर १९०७ साली मलेरियाच्या शोधासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस पुढे सरसावले. लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांनी पत्रे लिहिली, इतर नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्या मिळवल्या आणि सरकारला विषय पुन्हा उघडावा लागला. हाफकिन निर्दोष ठरले, हिंदुस्थानात परतलेही. पण त्यांना काम मिळाले कलकत्त्यात. मुंबईची ती प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. तिला त्यांचे नाव दिले गेले ते १९२५ साली, आणि १९३० मध्ये लोझानला त्यांचे निधन झाले.

अडाणी म्हणून ज्यांना हिणवले, त्यांचा गैरसमज त्यांच्या विश्वासातला एक माणूस समोर उभा राहताच निवळला. शिकलेल्यांचा गैरसमज निवळायला पाच वर्षे लागली, कारण तो शिक्क्यानिशी कागदावर आला होता. आणि दोन्ही वेळा आळ उतरवला तो ज्याच्यावर आळ होता त्याने नव्हे. त्याने करायचे ते सगळे केले होते. उतरवला तो, ज्याला गप्प बसणे सोयीचे असूनही जो बोलला, त्याने. आगाखान लगेच बोलले, रॉस उशिरा बोलले. एवढाच काय तो फरक, पण या फरकात एका माणसाची पाच वर्षे गेली.

आमच्या गल्लीतही असेच झाले. माझे तिकीट कोणी पाहिले नाही. पण शेजारी राहणाऱ्या निवृत्त गुरुजींनी एका सकाळी दूधवाल्याची सायकल अडवली, माझ्या वाटणीचे दूध स्वतःच्या पातेल्यात घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “अरे, हे सोलापूरला गेले होते. बसमध्ये बसवायला मी गेलो होतो.” पातेले त्यांनी माझ्या ओट्यावर आणून ठेवले. असे ते आठ दिवस करत होते. नवव्या दिवशी दूधवाला स्वतःच थांबला.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)