रिकाम्या जागा : ‘बेओवुल्फ’चे काव्य आणि झेमेकिसचा पट

‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी महाकाव्यात कवीने दोन जागा रिकाम्या ठेवल्या आहेत. डेन राजा ह्रोथगारच्या सभागृहावर रात्री-अपरात्री धाड घालणारा ग्रेंडेल हा केनच्या कुळातला, एवढे कवी सांगतो. त्याचा बाप कोण हे मात्र कोणालाच ठाऊक नाही, असे खुद्द ह्रोथगार म्हणतो. पुढे काव्याच्या अखेरीस, ड्रॅगनच्या दंशाने मरणपंथाला लागलेला वृद्ध बेओवुल्फ खंत करतो, की आपली शस्त्रे ज्याच्या हाती सोपवावीत असा मुलगा आपल्याला नाही. एकाचा बाप अज्ञात, दुसरा निपुत्रिक. रॉबर्ट झेमेकिस यांच्या २००७ सालच्या अ‍ॅनिमेशनपटाने नेमक्या याच दोन जागा भरून काढल्या आहेत. नील गेमन आणि रॉजर एव्हरी यांच्या पटकथेत ग्रेंडेल हा ह्रोथगारचाच मुलगा ठरतो आणि ड्रॅगन बेओवुल्फचा. दोघांची आई एकच.

हा बदल निव्वळ सनसनाटीसाठी केला, असे म्हणून तो उडवून लावणे अन्यायाचे होईल. इसवी सन १००० च्या सुमाराच्या एकमेव हस्तलिखितात उरलेले हे ३१८२ ओळींचे काव्य १७३१ च्या आगीतून कडा होरपळून वाचले, १८१५ मध्ये प्रथम छापले गेले, आणि तेव्हापासून एक तक्रार त्याच्या मागे लागली : कथानक दुभंगलेले आहे. तरुण नायक परमुलखात दोन राक्षसांना मारतो. मध्ये पन्नास वर्षांचे राज्य येते आणि जाते. मग मायदेशी, गीट लोकांच्या भूमीत, तो ड्रॅगनशी लढून मरतो. या दोन भागांना सांधणारे काय? टोल्किन यांनी १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात उत्तर दिले, की हा सांधा कार्यकारणाचा नाही. उदय आणि अस्त, तारुण्य आणि वार्धक्य यांचा तो तोल आहे. पटकथाकारांना हे उत्तर पुरेसे वाटले नसावे. त्यांनी नायकाला डेन लोकांचाच राजा केले, म्हणजे स्थळ एक झाले. आणि ड्रॅगनला त्याच्या पापाचे फळ केले, म्हणजे कारणही एक झाले.

त्यांच्या संशयाला काव्यात आधारही सापडतो. तळ्याच्या तळाशी ग्रेंडेलच्या आईशी झालेल्या झुंजीला मानवी साक्षीदार नाही. बेओवुल्फ वर येतो तो ग्रेंडेलचे शिर आणि वितळलेल्या तलवारीची मूठ घेऊन. आईचे शिर तो आणत नाही. मायदेशी परतल्यावर हिगेलाक राजाला तो हकीकत सांगतो तेव्हा तिच्यात ग्रेंडेलचा प्रचंड हातमोजा आणि मृत सोबत्याचे नाव असे आधी न आलेले तपशील येतात. पटाने या फटीत पाचर ठोकली आणि नायकाला खोटे बोलणारा ठरवले. माध्यमानेही साथ दिली : रे विन्स्टन या स्थूल अभिनेत्याच्या हालचाली टिपून संगणकाने त्यांवर पिळदार देह चढवला. नायकाचे शरीरच एक बढाई झाले.

परंतु काव्यात त्या झुंजीचा वृत्तांत नायकाच्या आधी निवेदकाने आपल्याला दिलेला आहे, आणि त्या निवेदकावर संशय घेण्याचे कारण काव्य देत नाही. पटाने हा साक्षीदार काढून टाकला, म्हणूनच तेथे खोटेपणाला जागा झाली.

याची किंमत मोठी आहे. काव्यातला बेओवुल्फ निर्दोष नाही. एकाच्या हट्टापायी अनेकांना सोसावे लागते, असे त्याचा निष्ठावंत विग्लाफच म्हणतो, आणि काव्याचा अखेरचा शब्दही त्याला कीर्तीचा सर्वाधिक भुकेला म्हणतो. तरीही ड्रॅगन त्याच्या पापातून जन्मलेला नाही. कोणा एकाने त्याच्या खजिन्यातला पेला चोरला, एवढेच निमित्त. पन्नास वर्षे राज्य नीट राखलेला राजा मरतो, आणि आता शेजारी चालून येणार हे सर्वांना कळून चुकते. चितेजवळ एक स्त्री आक्रोश करते. तिला दिसतात ती आक्रमणे, कत्तली, दास्य. हा उतारा हस्तलिखिताच्या इतक्या खराब झालेल्या पानावर आहे, की त्यातले कित्येक शब्द अभ्यासकांना तर्काने भरावे लागले.

पटात या स्त्रीचा आक्रोश नाही. शेवटी विग्लाफ राजा होतो आणि समुद्रातून वर आलेल्या त्या मोहिनीकडे बघत राहतो. प्रश्न उरतो तो इतकाच, की हाही मोहाला बळी पडेल काय. पेरले तसे उगवले हा न्याय प्रेक्षकाला दिलासा देतो, कारण त्यात नायक सावरला असता तर सर्व टळले असते. काव्य हा दिलासा देत नाही. चांगला राजा गेल्यावर त्याच्या निरपराध लोकांचे काय होते, हे ते विचारते, आणि त्या प्रश्नाला वारस नसलेला नायकच लागतो. कवीने ती जागा विसरून रिकामी ठेवलेली नव्हती.