पांढऱ्या भुकटीचा दुहेरी स्वभाव

१/ भिंतीच्या रंगाला शुभ्रता देणारी टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी सौर सेलच्या इतिहासात आधार ठरली आणि अडसरही. प्रकाशाला प्रतिसाद देण्याच्या तिच्या गुणानेच पुढे सेलचे आयुष्य घटवले.

२/ रंग-उद्योगाला हा स्वभाव आधीपासून ठाऊक होता. उन्हात राहिलेल्या भिंतीवरून हात फिरवला की पांढरी पूड बोटांना लागते. अतिनील किरणांनी उत्तेजित झालेले ऑक्साइडचे कण भोवतालच्या रेझिनचे विघटन करतात, हे त्याचे एक कारण. म्हणूनच या कणांवर अ‍ॅल्युमिना किंवा सिलिकाचे कवच चढवले जाऊ लागले.

३/ १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले, की प्रकाशित टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर पाण्याचे विघटन होते. दोष आता सामर्थ्य ठरला.

४/ १९९१ साली ब्रायन ओ’रेगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी याच ऑक्साइडच्या सुमारे १० मायक्रोमीटर जाडीच्या सच्छिद्र थराला रंगद्रव्य चढवून ७ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेचा सेल घडवला.

५/ २००९ मध्ये जपानच्या त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने रंगद्रव्याच्या जागी पेरोव्हस्काइट वापरले. कार्यक्षमता ३.८ टक्के, परंतु सेलमधील द्रव पेरोव्हस्काइटलाच विरघळवी. २०१२ मध्ये द्रवाची जागा घन थराने घेतली आणि कार्यक्षमता झपाट्याने वाढू लागली.

६/ २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या हेन्री स्नेथ यांच्या गटाला एक विपरीत गोष्ट आढळली. संरक्षणासाठी हवाबंद केलेले सेल उघड्या सेलपेक्षा लवकर निकामी होत होते!

७/ कारण ऑक्साइडच्या पृष्ठभागावर होते. तेथील उणिवा ऑक्सिजनच्या रेणूंनी झाकलेल्या असतात. अतिनील प्रकाशात हे रेणू सुटतात आणि उघड्या पडलेल्या जागी इलेक्ट्रॉन अडकतात. उघड्या सेलमध्ये हवेतील ऑक्सिजन ती जागा पुन्हा भरतो. हवाबंद सेलमध्ये तो येणार कोठून?

८/ त्याच गटाने सच्छिद्र टायटॅनियम डायऑक्साइडऐवजी अ‍ॅल्युमिना वापरले, तेव्हा सेलचा प्रवाह १,००० तासांहून अधिक काळ टिकला. पुढे अतिनील किरण कमी शोषणाऱ्या टिन ऑक्साइडकडेही संशोधक वळले.

९/ तरीही हिशेब कठोर आहे. १,००० तास म्हणजे अखंड उजेडाचे जेमतेम ४२ दिवस; सिलिकॉनच्या पॅनेलकडून अपेक्षा असते २५ वर्षांची. कार्यक्षमतेचा विक्रम एका मोजणीत नोंदवता येतो, टिकाऊपणा मात्र उन्हात उभे राहूनच सिद्ध करावा लागतो.